टपालाने आलेला ट्रफलचा डबा

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जण हसले असतील. ट्रफल चॉकलेटं, तीही टपालाने मागवलेली. यात इतिहास कसला? पण प्रश्न बघा. दुकानात आपण वास घेतो, एखादा तुकडा चाखतो, दुकानदाराचा चेहरा न्याहाळतो. टपालाने मागवताना यातलं काहीच हाताशी नसतं. मग विश्वास ठेवायचा तो कशावर?

१८५० नंतरच्या लंडनमध्ये हा प्रश्न चैनीचा नव्हता. डॉ. आर्थर हॅसल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकासाठी बाजारातले पदार्थ विकत आणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. कोकोत पिष्ट निघालं आणि रंग यावा म्हणून घातलेली लाल मातीही निघाली. विशेष म्हणजे विक्रेत्यांची नावं-पत्ते सरळ छापून टाकले! भेसळीविरुद्ध १८६० मध्ये कायदा झाला, तो लेचापेचा ठरला. दात आले ते १८७५ च्या कायद्याला. मधल्या काळात, १८६६ मध्ये, कॅडबरींनी पिष्ट न मिसळलेला कोको बाजारात आणला आणि शुद्धतेचीच जाहिरात केली. ग्राहकाची भीती ओळखून तीच विकायला काढणं, हे त्या काळातलं मोठं व्यापारी शहाणपण.

१८६८ मध्ये रिचर्ड कॅडबरींनी चित्रांनी सजवलेले चॉकलेटचे डबे आणले. चॉकलेट संपलं तरी डबा घरात राहायचा, त्यात पत्रं, दोरे, रिबिनी जायच्या. माल दिसत नसेल तर निदान डबा दिसावा, अशी ही युक्ती. माझ्या मते डबा बघून निवड करण्याची आपली खोड इथूनच सुरू होते.

आता ट्रफल. फ्रान्समधल्या शांबेरी गावात १८९५ च्या डिसेंबरात लुई द्युफूर नावाच्या मिठाईवाल्याने ते प्रथम केलं, असं सांगतात. चॉकलेट आणि साय यांचं मऊ मिश्रण, म्हणजे गनाश, त्याच्या ओबडधोबड गोळ्या, वरून कोकोची भुकटी. जमिनीतून उकरून काढलेल्या ट्रफल नावाच्या अळंबीसारख्या दिसतात, म्हणून ते नाव. गोची आहे ती सायीत. साध्या चॉकलेटच्या वडीत पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते. सायीबरोबर पाणी आत येतं आणि ट्रफलचं आयुष्य काही आठवड्यांवर येतं. आपल्याकडे खूप भाजलेल्या खव्याचा कंदी पेढा टिकतो आणि मऊ पेढा लवकर खराब होतो, तसंच हे. शिवाय कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सियसला वितळतं. तोंडात विरघळण्याची मजा त्यामुळेच, आणि उन्हाळी पार्सलचा घातही त्यामुळेच.

पार्सलाची सरकारी सोय ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १८८३ ला सुरू झाली, अमेरिकेत थेट १ जानेवारी १९१३ ला. पण चॉकलेटचे डबे तिथे त्याआधीही टपालाने जातच होते. त्यातला एक फार वाईट गाजला. ऑगस्ट १८९८ मध्ये डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावी एलिझाबेथ डनिंग यांच्या नावे सॅन फ्रान्सिस्कोहून डबा आला. पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव नाही. ओळखीच्या कुणीतरी पाठवला असेल, असं समजून घरच्यांनी तो वाटून खाल्ला. आत आर्सेनिक होतं. एलिझाबेथ आणि त्यांची बहीण दोघी गेल्या. वडिलांनी चिठ्ठीचं अक्षर ओळखलं. पूर्वी आलेल्या निनावी पत्रांचं तेच होतं. धागा पोचला कॉर्डेलिया बॉटकिन हिच्यापर्यंत. एलिझाबेथच्या नवऱ्याशी तिचे संबंध होते. ती दोषी ठरली. डबा कुणाकडून आलाय हे आधी बघावं, हा सल्ला त्या काळी शिष्टाचाराचा राहिला नव्हता.

ब्रुसेल्समध्ये वेगळीच अडचण होती. जाँ नॉइहाउस यांनी १९१२ मध्ये आत सारण भरलेली चॉकलेटं केली. ती कागदाच्या शंकूत, आपल्या दाण्यांच्या पुडीसारखी, देत. तळातली चेपून जायची. १९१५ मध्ये, शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, त्यांच्या पत्नी लुईज आगोस्तिनी यांनी पुठ्ठ्याचा डबा तयार केला, त्याला ‘बालोतँ’ म्हणतात. चॉकलेटं थरांत नीट बसतात. नाव नवऱ्याचं जास्त झालं, पण माल धड पोचवला तो बाईंनी.

मग आज मागवताना काय बघायचं? चित्र शेवटी बघा. आधी बनवल्याची तारीख. सायीचं ट्रफल सहा महिने टिकेल असं लिहिलं असेल, तर आत साय किती आणि काय दुसरं, हे घटकांच्या यादीत शोधा. त्याच यादीत कोको बटरखेरीज दुसरी वनस्पतिजन्य चरबी आहे का, तेही दिसतं. युरोपीय संघाने २००० साली ठराविक चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालवून घेतली, मात्र वेष्टणावर सांगण्याची अट घालून. रवानगीचा वारही विचारा: शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामात तापत पडतं. एप्रिल-मे मध्ये पुण्या-नागपूरकडे मागवायचं तर बर्फाच्या पिशवीशिवाय नकोच. आणि डबा उघडल्यावर वर पांढरट झाक दिसली तर लगेच बुरशी समजू नका. बहुतेकदा ते उष्णतेने वर आलेलं कोको बटर असतं. खाल्लं तर चालतं, पण सारणाला आंबूस वास येत असेल तर मात्र टाकून द्या.