परदेशी नागरिकांचा रहिवास (पिंपरी-चिंचवड व चाकण)

२००९ साली चाकण परिसरात फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाल्यापासून ज्या मुलखात जर्मन, आणि पुढे जपानी व कोरियन तंत्रज्ञांचाही राबता वाढत गेला, त्या औद्योगिक पट्ट्यातील परकीयांचे वास्तव्य मुख्यतः केंद्र सरकारच्या रोजगार व्हिसावर चालते. हा व्हिसा कुशल मनुष्यासच, आणि सामान्यतः वार्षिक वेतन किमान १६.२५ लाख रुपये असेल तरच मिळतो. मात्र स्वदेशीय पदार्थ रांधणारे आचारी, दुभाषी व इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे शिक्षक यांस ही मर्यादा लागू नाही, आणि ही सवलत सर्वस्वी योग्य आहे, कारण परमुलखात आलेल्या अभियंत्याचा निभाव यंत्रशाळेइतकाच जेवणाच्या ताटावरही अवलंबून असतो.

१८० दिवसांहून अधिक मुदतीच्या अशा व्हिसाधारकाने आगमनापासून १४ दिवसांत नोंदणी करावयाची असते. पारपत्र, नेमणुकीचा करार, भाडेकरार इत्यादी कागद परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ई-एफआरआरओ संकेतस्थळावर दाखल होतात, तर घरमालकाने २४ तासांच्या आत वर्दी द्यावी लागते. पूर्वी १९३९ व १९४६ च्या कायद्यांखाली असलेला हा कारभार १ सप्टेंबर २०२५ पासून नव्या अधिनियमाच्या अंमलाखाली आला. सोबत आलेल्या पतीस वा पत्नीस आश्रिताच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. सुविद्य माणसांवरील हे बंधन जाचकच म्हटले पाहिजे.

भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकास ओसीआय (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्डामुळे आजीव व्हिसा लाभतो. शेतजमीन खरेदीचा हक्क मात्र त्यासही नाही.