कप्तान मार्टेलची हरवलेली गांठ

चार्ल्स मार्टेल हा अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवरील धिप्पाड कप्तान. १९१८ नंतर त्याचीं हाडें ठिसूळ होऊन वारंवार मोडूं लागलीं, मूत्रपिंडांत खडे झाले, आणि कांहीं वर्षांत त्याची उंची ७ इंचांनीं घटली. १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. द्युबॉय यांनीं निदान केलें कीं, मानेंतील एखादी पॅराथायरॉइड ग्रंथि माजली असून तिच्या अंतःस्रावानें हाडांतील चुना रक्तांत उतरत आहे. निदान अचूक होतें. पण ती ग्रंथि होती कोठें?

या ग्रंथि बहुधा चार, आणि तांदुळाच्या दाण्याएवढ्या. त्या प्रथम रिचर्ड ओवेन यास लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या मानेंत आढळल्या, हें वाचून आमच्या वाचकांस गंमत वाटेल! मार्टेलच्या वांट्यास मात्र गंमत आली नाहीं. सहा शस्त्रक्रिया झाल्या, निरोगी ग्रंथिही कापली गेली, गांठ मिळेना. अखेर त्यानें स्वतःच शरीररचनेचे ग्रंथ वाचून छाती उघडण्याचा आग्रह धरला, अशी हकीकत आहे. त्याला केवळ प्रयोगाचें साधन मानणारांशीं आम्ही सहमत नाहीं. १९३२ सालीं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत चर्चिल व कोप यांस सातव्या वेळीं ती उरोस्थीमागें सांपडली. गर्भावस्थेंत खालच्या ग्रंथि थायमसबरोबर मानेंत उतरतात; ही वाटेंत थांबलीच नव्हती. सहा आठवड्यांनीं मार्टेल मृत्यु पावला. मूत्रपिंडाची हानि आधींच होऊन गेली होती.

शस्त्रवैद्य ग्रंथीचें रूप शोधीत होते; तिचें कर्म दाखवील असें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. त्याच रुग्णालयांत १९४१ सालीं सॉल हर्ट्झ यांनीं किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइडच्या रोग्यास दिलें, कारण ती ग्रंथि आयोडीन ओढून घेते. पॅराथायरॉइडला असा आवडता घांस सांपडण्यास १९८९ साल उजाडलें, आणि तोही अवचित. हृदयाच्या चित्रणासाठीं केलेलें टेक्नेशियमयुक्त सेस्टामिबी या ग्रंथीच्या गांठींत सांचतें, असें दिसून आलें. दोनएक तासांत थायरॉइडमधून तें बहुधा ओसरतें. माजलेल्या ग्रंथीच्या पेशींत मायटोकाँड्रिया विपुल असल्यानें तेथें तें रेंगाळतें, आणि उशिराच्या चित्रांत ठिपका उरतो. तो मानेंत असो वा छातींत, यंत्रास सारखाच.

तरीही बारीक गांठी, किंवा एकाहून अधिक ग्रंथि माजल्या असतां, हें चित्र पुष्कळदां फसवितें. मग फ्लुओरोकोलीन देऊन पेट चित्रण करितात. तेंही कोरें आलें, आणि शस्त्रक्रिया करणें भागच असलें, तर शस्त्रवैद्यास चारही ग्रंथि एकेक करून तपासाव्या लागतात.