हाडांचें औषध आणि तराजूचीं दोन पारडीं

औषध घेतलें म्हणजे रोग जातो, ही समजूत जितकी जुनी आहे, तितकीच औषधानें नवा रोग जडतो ही भीतीही जुनी आहे. दोन्ही समजुती अर्ध्याअर्ध्या खऱ्या आहेत. म्हणूनच शहाण्या माणसास दोहोंचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब वैद्यकशास्त्र कसें करावयास शिकलें आणि शिकतां शिकतां कितीदां फसलें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें म्हातारपणीं ठिसूळ होणाऱ्या हाडांवरील औषधांचा इतिहास पाहावा.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांत रोहणा हें कापूस पिकविणाऱ्या मुलखांतलें गांव आहे. अशा गांवीं हा प्रश्न पुस्तकांतून येत नाहीं. तो न्हाणीच्या ओल्या फरशीवरून येतो. सत्तरीची म्हातारी घसरते, खुब्याचें हाड मोडतें, आणि जिनें जन्मभर कापूस वेचला ती बाजेला खिळते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकीं शेंकडा वीसांच्या आसपास वर्षाच्या आंत दगावतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. म्हातारी सांवरली, तर डॉक्टर तिला आठवड्याला एक गोळी लिहून देतात. मग कोणी सोयराधायरा येऊन सांगतो कीं, याच गोळीनें मांडीचें हाड मोडतें आणि जबडा सडतो. ही बातमी खोटी नाहीं. परंतु ती अपुरी आहे. ती पुरी करावयाची तर थोडें मागें जावें लागेल.

हाड हें दगडासारखें निर्जीव नसून मातीच्या भिंतीप्रमाणें त्याची नित्य डागडुजी चालूं असते. एका जातीच्या पेशी जुनें हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी ती पोकळी नव्या हाडानें भरतात. तरुणपणीं खोदणें आणि भरणें यांचा मेळ बसतो; उतारवयांत भरण्याहून खोदणें अधिक होतें. स्त्रियांची मासिक पाळी गेल्यावर तर ही झीज वेगानें होते. आयुर्वेदानें अस्थिक्षयाचें वर्णन केलेंच आहे. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे सच्छिद्र हाड, हें नांव एकोणिसाव्या शतकांत स्ट्रासबूर्ग येथील लोबस्टाइन या शास्त्रज्ञानें रूढ केलें. पाळी जाणें आणि हाड झिजणें यांचा संबंध मात्र १९४१ सालीं बोस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनीं स्पष्ट दाखविला. शरीरांतील एस्ट्रोजेन हा स्त्रीरस आटतो म्हणून हाड झिजतें. तेव्हां तो रस बाहेरून द्यावा, असा सरळ विचार पुढें आला.

हा विचार चुकीचा नव्हता. पण तो एकाच पारड्याकडे पाहणारा होता. पुढें कित्येक वर्षें पाश्चात्त्य देशांत लक्षावधि स्त्रिया हें औषध घेत राहिल्या. १९७५ सालीं असें दिसून आलें कीं, नुसतें एस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाचा कर्करोग वाढतो. म्हणून त्यास दुसऱ्या एका रसाची जोड देण्यांत आली. अखेर अमेरिकेंत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. कांहींना खरें औषध आणि कांहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यांत आली. कोणास काय मिळालें, तें कोणासच ठाऊक नव्हतें. २००२ सालीं हा प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवावा लागला. दर दहा हजार स्त्रियांमागें वर्षाला खुब्याचे पांच अस्थिभंग टळले होते. परंतु स्तनाचा कर्करोग आठ जणींना अधिक झाला, पक्षाघात आठ जणींना अधिक झाला, फुप्फुसांत रक्ताची गुठळी अडकण्याचे प्रकार आठांनीं वाढले आणि हृदयविकाराचे सातांनीं. पाळी नुकतीच गेलेल्या व त्यापायीं फार त्रास भोगणाऱ्या स्त्रियांना आजही हें औषध विचारपूर्वक दिलें जातें. पण एक धडा कायमचा मिळाला : हाडाचें कल्याण म्हणजे त्या बाईचें कल्याण असें धरून चालतां येत नाहीं.

दुसरा धडा फ्लोराइडनें दिला, आणि तो विदर्भाच्या माणसास लवकर उमजेल. वर्ध्याच्या शेजारचे यवतमाळ व चंद्रपूर हे दोन्ही जिल्हे विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांतील फ्लोराइडमुळें पीडलेले आहेत. असें पाणी वर्षानुवर्षें पोटांत गेलें कीं, दांतांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, पाठ व सांधे ताठतात, माणूस वांकतो. भारतांत हाडांचा हा विकार प्रथम १९३७ सालीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत नोंदला गेला. अशा रोग्यांचीं हाडें क्षकिरणांच्या चित्रांत दाट आणि भरीव दिसत. यावरून कांहीं डॉक्टरांना वाटलें कीं, फ्लोराइड बेतानें दिल्यास म्हातारीचें विरळ हाड दाट होईल. तसें तें झालेंही! अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें २०२ स्त्रियांवर चार वर्षें प्रयोग झाला. फ्लोराइड घेणाऱ्या स्त्रियांच्या मणक्यांची घनता शेंकडा ३५ नें वाढली. १९९० सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले, तेव्हां त्यांच्या शेजारीं दुसरेही आंकडे होते. मणक्याखेरीज इतर हाडें मोडण्याच्या घटना निर्गुण गोळीच्या गटांत २४ झाल्या होत्या, तर फ्लोराइडच्या गटांत ७२. हाड दाट झालें, पण बळकट झालें नाहीं. आणि मणके दाट होत असतांना हाताच्या हाडाची घनता उलट घटली. त्या दिवसापासून हाडाच्या औषधाची परीक्षा यंत्रावरील आंकड्यानें न करतां, हाड मोडलें कीं वांचलें यानें करावी, हा दंडक पक्का झाला.

आज सर्वाधिक प्रचारांत असलेल्या गोळ्यांचा जन्म मात्र अगदीं निराळ्या ठिकाणीं झाला. कारखान्यांच्या नळांत पाण्याचा क्षार सांचून खडा धरतो, तो धरूं नये म्हणून फॉस्फरसचीं कांहीं संयुगें वापरीत असत. स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश यांच्या ध्यानांत आलें कीं, मनुष्याच्या मूत्रांतही याच धर्तीचा पदार्थ असून तो चुन्याचे खडे होऊं देत नाहीं. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोध चालविला आणि १९६९ सालीं जाहीर केलें कीं, बिस्फॉस्फोनेट नांवाचीं हीं संयुगें हाडावर जाऊन बसतात व हाड पोखरणें मंद करतात. यांतील पहिलें औषध एटिड्रोनेट. तें अधिक झालें तर नव्या हाडांत चुना भरणेंच थांबे. म्हणून मात्रा जपून द्यावी लागे. पुढें अलेंड्रोनेट आलें आणि १९९५ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

त्याची कसोटी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. जिचा एखादा मणका आधींच दबलेला आहे अशा दोन हजारांवर स्त्रिया तींत होत्या. जवळ जवळ तीन वर्षांत निर्गुण गोळी घेणाऱ्या शंभर जणींपैकीं पंधरांचा नवा मणका दबला. औषध घेणाऱ्यांपैकीं आठांचा. खुबा मोडण्याचें प्रमाण शंभरीं सव्वादोनांच्या आसपास होतें, तें एकाच्या जरा वर आलें. येथें हिशेबाची एक खुबी पाहण्यासारखी आहे. ‘धोका निम्म्यानें घटला’ हें खरें. आणि ‘शंभर जणींनीं तीन वर्षें औषध घेतलें तेव्हां एकीचा खुबा व सात जणींचे मणके वांचले’ हेंही खरें. पहिलें वाक्य ऐकणारास औषध अमृत वाटतें. दुसरें ऐकणारास तो केवळ एक उपयुक्त सौदा वाटतो. दोन्ही वाक्यें एकत्र ऐकल्यावांचून रास्त निवाडा होत नाहीं.

आतां दुसरें पारडें. १९९६ सालींच असें आढळलें कीं, ही गोळी अन्ननलिकेंत अडकली तर तेथें व्रण पडतात. म्हणून सकाळीं उपाशीं पोटीं पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी, चहा-दुधाबरोबर घेऊं नये आणि अर्धा तास आडवें होऊं नये, हा नियम आला. तो पाळला म्हणजे या दोषाचें बरेंचसें निवारण होतें.

२००३ सालीं जबड्याचें हाड उघडें पडून न भरण्याचे प्रकार प्रसिद्ध झाले. हें वाचून अनेकांना जुन्या आगपेट्यांच्या कारखान्यांची आठवण झाली. तेथें पांढऱ्या फॉस्फरसच्या धुरानें मजुरांचे जबडे सडत. १९०६ च्या बर्न येथील करारानें त्यास बंदी घालण्याचें ठरलें आणि हिंदुस्थानांत १९१३ सालीं तसा कायदा झाला. पांढरा फॉस्फरस व हें औषध एक नव्हेत. शिवाय जबड्याचे हे रोगी बहुतेक कर्करोगाचे होते. त्यांना शिरेंतून फार मोठ्या मात्रा दिल्या जात. ठिसूळ हाडांसाठीं लागणाऱ्या थोड्या मात्रेंत हा प्रकार वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही विरळा असतो. तरी औषध सुरू करण्यापूर्वीं किडका दांत काढून टाकावा, ही सूचना पाळण्यासारखी आहे.

खरी खळबळ उडाली ती मांडीच्या हाडानें. हाड वांचविण्यासाठीं दिलेल्या औषधानेंच, पुष्कळ वर्षें घेतल्यावर, मांडीचें हाड किरकोळ धक्क्यानें किंवा धक्क्यावांचून मधोमध आडवें मोडतें, असे रोगी २००५ च्या सुमारास नजरेस आले. डागडुजी फारच मंदावली म्हणजे बारीक तडे बुजत नाहींत, हें त्याचें एक कारण मानतात. २०१० सालीं अमेरिकेच्या औषधखात्यानें इशारा दिला. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला, आणि २००८ ते २०१२ या काळांत त्या देशांत या गोळ्यांचा खप निम्म्याहून कमी झाला. ज्यांचा खुबा एकदां मोडला होता आणि ज्यांना औषधाची सर्वांत अधिक गरज होती, अशांनाही तें मिळेनासें झालें. पूर्वीं एकाच पारड्याकडे पाहून औषध दिलें जात होतें. आतां दुसऱ्याच पारड्याकडे पाहून तें टाकलें गेलें. चूक तीच, फक्त बाजू बदलली.

या वादाचा हिशेब २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील सुमारें दोन लाख स्त्रियांच्या नोंदींवरून मांडला गेला. दहा हजार गोऱ्या स्त्रियांनीं तीन वर्षें औषध घेतल्यास खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे असे विचित्र अस्थिभंग २ होतात. आशियाई वंशाच्या दहा हजार स्त्रियांत ९१ टळतात आणि ८ होतात. लाभाचें पारडें दोन्हीकडे जड आहे. पण आशियाई स्त्रियांत तें तितकें जड नाहीं. परदेशांतील आंकडा जसाच्या तसा उचलून येथें लावूं नये, हें यावरून दिसतें. हाडांच्या मापाचेंही तसेंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं घनतेची जी रेघ आंखली, तिला तरुण गोऱ्या स्त्रियांच्या हाडांचा आधार होता. लहान चणीच्या भारतीय स्त्रीचें हाड त्या मापानें उणें दिसण्याचा संभव अधिक असतो.

औषध किती दिवस घ्यावें, याचाही निर्णय अशाच मोजणीनें झाला. बिस्फॉस्फोनेट हाडांत बसून राहतें. गोळी बंद केली तरी त्याचा गुण कांहीं काळ टिकतो. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पांच वर्षें गोळी घेऊन थांबलेल्या आणि दहा वर्षें घेतलेल्या स्त्रियांची तुलना झाली. खुब्याच्या बाबतींत फारसा फरक आढळला नाहीं. दुखणारे मणक्याचे अस्थिभंग मात्र थांबलेल्यांत अधिक झाले. औषध थांबविल्यावर मांडीचा तो धोका झपाट्यानें उतरतो, असेंही दिसलें आहे. म्हणून साधारण पांच वर्षांनीं डॉक्टर पुन्हां विचार करतात व धोका थोडा असलेल्या स्त्रीस औषधापासून सुटी देतात.

परंतु एका औषधाचा नियम दुसऱ्यास लागूं पडत नाहीं. २०१० सालीं आलेलें डेनोसुमॅब सहा महिन्यांनीं टोंचून देतात. तें हाडांत सांचून राहत नाहीं. त्याची पाळी चुकली तर दबून राहिलेली झीज एकदम उसळते आणि कांहीं रोग्यांचे अनेक मणके एकाच वेळीं दबतात. पेरणीच्या धांदलींत ज्या घरास तालुक्याचा दवाखाना गांठतां येत नाहीं, त्या घरानें हें औषध सुरू करण्यापूर्वींच ही गोष्ट ध्यानीं घेतली पाहिजे. याच्या उलट टेरिपॅराटाइडची कथा. हें नवें हाड घडविणारें औषध. उंदरांत त्यानें हाडाचा कर्करोग झाला म्हणून २००२ पासून त्यावर कडक इशारा छापला जात असे. माणसांत तसें कांहीं आढळलें नाहीं, आणि २०२० सालीं तो इशारा काढून टाकण्यांत आला. भीतीचाही हिशेब काळानें तपासावा लागतो तो असा.

तेव्हां रोहण्याच्या त्या घरानें काय करावें? ज्या स्त्रीचा खुबा किंवा मणका एकदां मोडला आहे, तिच्या बाबतींत लाभाचें पारडें ठळकपणें जड आहे. ऐकीव गोष्टीवरून तिनें औषध टाकूं नये. जिचें हाड कधीं मोडलें नाहीं व वयही फार नाहीं, तिच्या लाभाचें पारडें हलकें असतें. तिनें घाई करूं नये. मूत्रपिंडाची तपासणी आधीं व्हावी. शरीरांत चुना व ड जीवनसत्त्व पुरेसें आहे कीं नाहीं, तें पाहावें. औषध चालूं असतां मांडींत किंवा जांघेंत बरेच दिवस ठणका राहिला तर डॉक्टरांना लगेच सांगावें. आणि ज्या गोष्टींना दुसरें पारडेंच नाहीं, त्या प्रथम कराव्या : न्हाणीची फरशी कोरडी ठेवणें, रात्रीं उजेड असणें, डोळ्यांवरचा मोतीबिंदू काढून घेणें, हातीं काठी देणें, आणि दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला यांना रोजच्या जेवणांत जागा देणें.

खेड्यांतील माणसास अशा प्रश्नांचें उत्तर खेड्याजवळच मिळावें, या हेतूनेंच डॉ. सुशीला नय्यर यांनीं १९६९ सालीं सेवाग्राम येथें वैद्यकीय महाविद्यालय उभें केलें. वर्धा जिल्ह्याचें हें मोठें भाग्य आहे. पण डॉक्टरांपुढें बसलेल्या म्हातारीच्या मुलानें किंवा सुनेनें दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : ‘आमच्या आईसारख्या शंभर जणींनीं हें औषध घेतलें, तर किती जणींचें हाड वांचेल? आणि किती जणींना त्यापासून अपाय होईल?’ हे प्रश्न विचारण्यांत डॉक्टरांविषयीं अनादर नाहीं. ज्यांनीं फ्लोराइडचे ७२ आणि २४ अस्थिभंग मोजले, त्यांनीं स्वतःच्या औषधाला हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यामुळेंच पुढच्या स्त्रिया वांचल्या.