सायकल आणि सोबत

सन २०१८ च्या २३ डिसेंबरला पुण्याची एक मुलगी सायकलवरून कोलकात्यास पोहोचली. तिचे नाव वेदांगी कुलकर्णी, वय अवघे २० वर्षे. जुलै महिन्यात ती ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातून निघाली होती. १५९ दिवसांत १४ देशांतून तिने सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवली. समुद्र आडवा आला तेथे विमान, बाकी सारे पायांच्या जोरावर. आणि त्यातली बहुतेक वाट एकटीने. महाराष्ट्राच्या या लेकीचा पराक्रम आपल्या मंडळातील भगिनींना ठाऊक असावा, आणि त्याच्या मागे बायकांच्या सायकलीचा जो सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे तोही थोडा कळावा, म्हणून हा लेख लिहीत आहे.

२९,००० हा आकडा काही डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून मी एका दिवसाचा हिशेब मांडला. भागाकार केला तर दिवसाला १८२ किलोमीटर येतात. बुलढाण्याहून खामगावमार्गे अकोल्यास जावे आणि त्याच दिवशी माघारी यावे, म्हणजे साधारण तेवढे होते. आपण एस. टी.ने एवढा प्रवास केला तरी घरी येऊन अंग टाकतो. काही दिवस तर तिने ३०० किलोमीटरपर्यंत मजल मारली. म्हणजे सकाळी शेगावला महाराजांचे दर्शन घेऊन निघावे आणि नागपूर गाठावे! बरोबर तंबू, कपडे, दुरुस्तीची हत्यारे, सगळे ओझे सायकलवर. चाक बसले तर पंक्चर काढणारी तीच, आणि रात्र झाली तर बिऱ्हाड थाटणारीही तीच.

संकटेही कमी आली नाहीत. कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले. बोथ्याच्या घाटातून जाताना ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वले आहेत एवढे आठवले तरी आपण मुलांना जवळ ओढतो. आणि ही तर उघड्या सायकलवर. स्पेनमध्ये चोरट्यांनी चाकूचा धाक दाखवून तिला लुटले. प्रवासाच्या परवान्यासाठी दिवस मोडले, त्यामुळे पुढे युरोपात कडक हिवाळा गाठला. रशियात बर्फात एकटीने रात्री काढाव्या लागल्या. थंडी शून्याखाली २० अंशांपर्यंत, तर उन्हाळा ३७ अंशांपर्यंत, असे दोन्ही तिने सोसले.

पण घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला या सगळ्या घाटांच्या आधी एक घाट चढावा लागतो. तो घाट उंबरठ्यातच असतो. "सोबत कोण?" हा तो प्रश्न. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ निघाला आणि काही महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. सोबत कोण होते, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही.

आज आपण पाहतो तशी दोन सारख्या चाकांची सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास निघाली. त्याआधीची सायकल पुढचे चाक पुरुषभर उंचीचे, अशी होती. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होणे थांबले. मग झग्याला अडू नये म्हणून मधला दांडा खाली घेऊन बायकांची सायकलही निघाली. तेव्हापासून आजतागायत सायकल सोपी होत गेली, पण तो प्रश्न काही सोपा झाला नाही.

१८९४ च्या जूनमध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातून अ‍ॅनी नावाची बाई जगप्रवासास निघाली. ती लग्न झालेली, घरी तीन लहान मुले. खर्चासाठी तिने लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीची पाटी सायकलला लावली आणि तेच आडनाव घेतले. आरंभी तिच्याजवळ बायकांची जड सायकल होती. शिकागोस आल्यावर तिने ती बदलून पुरुषांची, निम्म्या वजनाची सायकल घेतली. पुढे झगाही टाकून तुमान चढवली. बराच प्रवास तिने आगबोटीनेच केला. हिंदुस्थानात आपण वाघ मारले, अशा तिखटमीठ लावलेल्या गोष्टीही ती सभांतून सांगे. तरी पंधरा महिन्यांत ती परत आली आणि बाई एकटी निघून एकटी परत येऊ शकते, हे लोकांनी पाहिले.

आपल्याकडे १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासास निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांचा पराक्रम मोठाच, पण ते एकमेकांना सोबत होते.

माझ्या मनाला सर्वांत लागली ती आयर्लंडची डर्व्हला मर्फी. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले. एका चढावर पायडल मारताना तिच्या मनात आले की, असेच मारत राहिले तर एक दिवस हिंदुस्थान येईल. पण आई संधिवाताने अंथरुणाला खिळलेली. चौदाव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि घर व आईची सेवा तिच्याकडे आली. अशी वर्षे गेली. १९६१ साली वडील वारले, १९६२ साली आई. मग १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या ३१ व्या वर्षी, ऐन बर्फात ती एकटी निघाली. युगोस्लाव्हियात लांडगे अंगावर आले तेव्हा तिने जवळचे पिस्तूल झाडले. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे करीत ती जुलैमध्ये दिल्लीस पोहोचली, आणि पुढे काही महिने तिने तिबेटी निर्वासितांच्या मुलांची सेवा केली. नंतर ती मोठी लेखिका झाली आणि २०२२ साली ९० वर्षांची होऊन वारली. दहाव्या वर्षीचा बेत एकतिसाव्या वर्षी पुरा झाला. मधली एकवीस वर्षे कोठे गेली, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना सांगावे लागणार नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. माझे माहेर मेहकर तालुक्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीची शाळा सहा किलोमीटरवर. घरात सायकल एक, ती भावाची. दुपारी ती रिकामी असे तेव्हा दांड्याखालून पाय घालून मी ती चालवायला शिकले होते. सायकल येत होती, रस्ता माहीत होता, पण माझ्याबरोबर जाणार कोण? त्या एका प्रश्नापाशी माझी शाळा थांबली. वडीलमंडळींना काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. पुढे राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या. आपल्या जिल्ह्यातही त्या आल्या. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली रांगेने सायकलवर जाताना दिसल्या की मी हातातले काम ठेवून पाहते. त्या एकमेकींच्या सोबती आहेत.

भगिनींनो, वेदांगीला चाकूचा धाक दाखवणारे भेटले, ही गोष्ट आपण लेकींपासून लपवू नये. भीती खरी आहे. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सायकलवर बसली, हेही तितकेच खरे आहे, आणि तेही सांगावे. तिने निघण्यापूर्वी दोन वर्षे तयारी केली होती. तेव्हा आपल्या मुलीने उद्या सायकलवर लोणारपर्यंत जाते म्हटले, तर तिला विचारावे : वाट कोणती धरणार? मुक्काम कोठे? पंक्चर काढता येते का? चेन निसटली तर बसवता येते का? पैसे किती आहेत, आणि संध्याकाळी फोन कोणाला करणार? हे प्रश्नही काळजीचेच आहेत. पण यांची उत्तरे मुलीला शिकता येतात. "सोबत कोण?" याचे उत्तर तिच्या हातात नसते.

आपल्या मंडळाने पुढील वर्षी हळदीकुंकवाबरोबर एक रविवार यासाठी ठेवावा. अंगणात दोन सायकली, एक पंप, पंक्चरचे सामान आणि शिकवायला गावातला सायकलवाला. मुलींनी तर यावेच, पण आपणही पदर खोचून बसावे, अशी माझी नम्र सूचना आहे. माझे नाव यादीत पहिले घालावे.