आगीचे छायाचित्र आणि आगीची पहिली मिनिटे

छायाचित्रणाच्या इतिहासात आगीच्या चित्रांना तोटा नाही. परंतु ती जवळजवळ सगळी हाताबाहेर गेलेल्या, गावे आणि गिरण्या गिळणाऱ्या आगींची आहेत, आणि बादलीभर पाण्याने किंवा एखाद्या घोंगडीने विझू शकेल अशा, नुकत्याच धरलेल्या आगीचे चित्र एकोणिसाव्या शतकातील संग्रहांत सापडणे अत्यंत कठीण आहे. अशी आग ज्याच्या दृष्टीस पडते त्याचे हात ती विझवण्यात गुंतलेले असतात, हे याचे एक कारण. पण त्या काळच्या तंत्रालाही अशी आग टिपणे झेपणारे नव्हते.

१८३९ मध्ये जाहीर झालेल्या डागेरोटाइप पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ धरून तो प्रकाशाला संवेदनशील केला जाई, कॅमेऱ्यात त्यावर प्रकाश पाडला जाई आणि मग पाऱ्याच्या वाफेने त्यावरील प्रतिमा उमटवली जाई. आरंभीच्या काळात केवळ प्रकाश पाडण्यासच कित्येक मिनिटे लागत, त्यामुळे हलणारी ज्वाळा पत्र्यावर ठरतच नसे. ५ ते ८ मे १८४२ या दिवसांत जर्मनीतील हँबर्ग शहराचा मोठा भाग जळाला तेव्हा हर्मान बिओव याने घेतलेली चित्रे आगीची नसून तिने मागे ठेवलेल्या भग्नावशेषांची आहेत. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने कोलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. तीत चिकट द्रावण लावलेली काच ओली असतानाच वापरावी आणि लगेच धुवावी लागे, म्हणून छायाचित्रकाराला अंधारा तंबू आणि रसायने सोबत न्यावी लागत. शिवाय त्या काळची सर्व द्रावणे मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत, तर ज्वाळेचा प्रकाश पिवळा-तांबडा असतो. परिणामी डोळ्यांना जे सर्वांत तेजस्वी दिसे तेच काचेवर फिके पडे. ही उणीव १८७३ मध्ये हर्मान फोगेल याने द्रावणात रंगद्रव्य मिसळून काही अंशी दूर केली.

या पार्श्वभूमीवर न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वीगो या बंदरगावी ५ जुलै १८५३ रोजी जॉर्ज बार्नर्ड याने घेतलेल्या दोन डागेरोटाइप चित्रांचे मोल कळते. गावात त्याचा स्टुडिओ होता, आणि एम्स मिल्स या गिरण्या पेटल्या तेव्हा आग चालू असतानाच त्याने कॅमेरा लावला. त्यांतील एका चित्रावर ज्वाळांच्या जागी तांबडा रंग हाताने भरलेला आहे, म्हणजे पत्र्याला जे देता आले नाही ते कुंचल्याकडून घ्यावे लागले. प्रत्यक्ष घडत असलेल्या घटनेच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत या दोहोंची गणना होते. तरीही तीही मोठ्याच आगीची चित्रे आहेत. आग कोठे आणि कशी धरली, याविषयी ती काहीच सांगत नाहीत.

पुढे छायाचित्रणाचे साधनच आगीचे कारण ठरू लागले. १८८७ मध्ये जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची भुकटी आणि पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण तयार केले. ते पेटवताच क्षणभर लख्ख उजेड पडे आणि अंधाऱ्या खोलीचे चित्र घेता येई. न्यूयॉर्कमधील डॅनिश वंशाचा वार्ताहर जेकब रीस याने हे मिश्रण गरीब वस्त्यांच्या कोंदट खोल्यांत नेले. प्रथम पिस्तुलासारख्या साधनाने आणि नंतर चक्क स्वयंपाकाच्या तव्यात तो ही भुकटी उडवी. १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याने एक प्रसंग नोंदवला आहे. माळ्यावरच्या एका खोलीत पाच अंध स्त्री-पुरुषांचे चित्र घेताना उडालेल्या ठिणगीने भिंतीवर लटकणारे कागद आणि चिंध्या पेटल्या. खोलीतील पाचही जणांना धोका दिसत नव्हता आणि रस्त्यापर्यंत पोचायला मोडकळीस आलेले जिने उतरावे लागणार होते, तेव्हा रीसने कोणाला हाक न मारता मोठ्या कष्टाने एकट्याने ती आग दाबून विझवली. कॅमेरा समोर तयार असतानाही त्याने आधी आग विझवली, आणि हा निर्णय त्याच्या कोणत्याही चित्राइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

लहान आग वेळीच न हाताळल्याने काय होते, याची मुंबईइतकी जळजळीत साक्ष क्वचितच कोठे मिळेल. १२ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत लागलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी होत्या. १४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातील माल ठेवण्याच्या कोठीतून, येणाऱ्या धुराकडे सर्वांचे लक्ष गेले. बंबांनी आणि अग्निशामक नौकांनी ९०० टनांहून अधिक पाणी आत सोडले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला, तर ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा महास्फोट झाला. सुधीश घटक या छायालेखकाने स्फोटांचे आणि नंतरच्या विध्वंसाचे चित्रीकरण केले. ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले, आणि युद्धकालीन सेन्सॉरमुळे वार्ताहरांना ही बातमी बाहेर पाठवण्याची परवानगी मिळायला मे महिना उजाडला. चित्रफितीत आहे तो विनाश. त्याआधीच्या दोन तासांचा आधार मात्र माणसांच्या जबान्या हाच आहे, आणि चौकशी आयोगाला त्यांवरूनच निष्कर्ष काढावे लागले. कापसाच्या गाठी स्फोटकांलगत रचणे, स्फोटकांच्या जहाजाने लावावयाचा लाल बावटा न लावणे, माल उतरवण्यात दिरंगाई करणे आणि अग्निशामक दलाला उशिरा कळवणे, असे दोष आयोगाने दाखवले.

त्या दिवशी कर्तव्यावर असलेले ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो.