ज्येष्ठमध आणि विनयातील ‘मधुक’

हिंगणघाटच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानी मिळणारी ज्येष्ठमधाची काडी वणा नदीच्या खोऱ्यातील नव्हे. ही वनस्पती मूळची भूमध्य सागराच्या परिसरातील व पश्चिम आशियातील. तिची सुकी मुळे इराण-अफगाणिस्तानकडून व्यापाराने येत राहिली. नावातील ‘ज्येष्ठ’ हा शब्दही वडीलकीचा नव्हे. मूळ शब्द ‘यष्टिमधु’, म्हणजे गोड काठी. प्राकृतात आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला व पुढे लोकांनी त्यास ‘ज्येष्ठ’ असे रूप दिले. पालीत ‘यष्टि’चे ‘लट्ठि’ झाले; म्हणून तेथे ‘लट्ठिमधुक’.

महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आजारी भिक्खूंसाठी हळद, आले, वेखंड व त्याचाच एक प्रकार, अतिविष, कुटकी, वाळा व नागरमोथा अशी आठ मुळे नावानिशी अनुज्ञात आहेत. त्यांत ज्येष्ठमध नाही. मात्र ‘अन्य औषधी मुळे’ही तेथे ग्राह्य मानली असल्याने त्यास प्रत्यवाय राहत नाही.

घोटाळा होतो तो ‘मधुक’ शब्दाने. संस्कृतात ऱ्हस्व ‘मधुक’ म्हणजे ज्येष्ठमध व दीर्घ ‘मधूक’ म्हणजे मोह, असा भेद करता येतो. पालीत तो बहुधा पुसला जातो. त्याच खंधकात मधुकाच्या फुलांचा रस वगळून सर्व फुलांचे रस अनुज्ञात आहेत. ज्येष्ठमधाचे उपयुक्त अंग मूळ होय, फूल नव्हे. उलट मोहफुलांपासून दारू होते, हे विदर्भात सर्वांस ठाऊक आहे. ज्या रसाचे मद्य करतात तो आरंभापासूनच वर्ज्य, असे समंतपासादिकाही सांगते. तेव्हा येथे मोहच अभिप्रेत आहे.

नामसादृश्य वनस्पतींच्या नात्यातही असेच फसवते. पाने गोड म्हणून गुंजेला ‘भारतीय ज्येष्ठमध’ म्हणतात. सोनार 8 गुंजांचा मासा व 12 माशांचा तोळा धरीत. पाली अट्ठकथांत लाल डोळ्यांस गुंजेची उपमा येते. तिचे बी मात्र विषारी. दोन्ही वनस्पती शेंगवर्गीय असल्या, तरी वंशशास्त्राप्रमाणे गुंज तुरीच्या गटाकडे झुकते. ज्येष्ठमधाचे जवळचे आप्त म्हणजे हिंगणघाटच्या काळ्या रानात रब्बीला पेरला जाणारा हरभरा, वाटाणा व मेथी.

ज्येष्ठमधाचे नाव नसल्याने विनयातील वैद्यक उणे ठरत नाही. परंतु ‘मधुक’ दिसताच तेथे ज्येष्ठमध वाचल्यास मद्यविरतीशी निगडित असा एक स्पष्ट नियम निरर्थक होतो. म्हणून शब्दाचा निर्णय संदर्भावरूनच करावा, असे आम्हांस वाटते.