घरगुती अंडी उबवणी यंत्र : कन्हान परिसरासाठी निवड आणि वापर

खुडूक कोंबडी एका वेळी १० ते १२ अंडी उबवते. उबवण आणि पिल्लांचे संगोपन यात तिचे अंडी देणे दोन-तीन महिने थांबते. लहान उबवणी यंत्रामुळे हा काळ वाचतो. मात्र कन्हान, कामठी, पारशिवनी भागातील पशुपालकांनी यंत्र घेण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. घरगुती यंत्र अंड्यांना ऊब देते, गारवा देत नाही. खोली ३८ अंश सेल्सिअसच्या वर तापली, की हीटर बंद असूनही अंडी तापत राहतात. दहाव्या दिवसानंतर वाढता गर्भ स्वतःही उष्णता सोडतो. म्हणून येथे यंत्राच्या आधी हंगाम आणि खोली निवडावी.

हंगाम आणि खोली

- जुलै ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. शेवटची बॅच फेब्रुवारीअखेर लावावी.
- मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. एप्रिल ते जूनमध्ये उबवणूक टाळावी. करायचीच असल्यास यंत्र कूलरच्या खोलीत ठेवावे, पण थेट झोतात ठेवू नये.
- टिनाच्या छताची खोली, पश्चिमेची भिंत आणि उन्हाची खिडकी टाळावी.
- डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खोली बंद ठेवावी, म्हणजे हीटरवर ताण येत नाही.

यंत्राची निवड

- क्षमता अंड्यांच्या पुरवठ्यावरून ठरवावी. दहा गावरान कोंबड्यांपासून आठवड्यात साधारण २० ते २५ अंडी मिळतात. त्यासाठी ५० अंड्यांचे यंत्र पुरते. मोठे यंत्र भरण्याच्या नादात अंडी शिळी होतात.
- आत पंखा असावा. पंख्याशिवाय वरच्या व खालच्या भागात तापमान वेगवेगळे राहते.
- अंडी आपोआप फिरवण्याची सोय आणि झाकण न उघडता पाणी भरण्याची सोय पाहावी.
- थर्मोस्टॅट, पंखा, मोटर हे सुटे भाग नागपुरात मिळतात का, ते आधी विचारावे.
- यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. ताप मोजण्याच्या डिजिटल थर्मामीटरने तापमान पडताळावे.
- वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच पिल्ले हवी असतील तर यंत्र घेण्याची गरज नाही. पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र नागपुरात आहे. तेथे एक दिवसाच्या पिल्लांची चौकशी करावी.

अंड्यांची निवड व साठवण

स्वच्छ, मध्यम आकाराची, तडा नसलेली फलित अंडी घ्यावीत. दहा कोंबड्यांमागे एक सशक्त कोंबडा असावा. गिरिराज, वनराज या सुधारित पक्ष्यांची अंडी घरी उबवल्यास पुढील पिढीत गुण तसेच उतरत नाहीत. स्वतःची पिल्ले काढण्यासाठी गावरान किंवा कडकनाथ योग्य.

अंडी १५ ते १८ अंशांत सात दिवसांपर्यंत चांगली राहतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, कारण उष्णतेत गर्भाची अर्धवट वाढ सुरू होऊन तो मरतो. टोपली ओल्या रेतीवर, गार कोपऱ्यात ठेवावी. अंडी ओली होऊ देऊ नयेत. फ्रिजमध्येही ठेवू नयेत.

२१ दिवसांचे नियोजन

- यंत्र आधी २४ तास रिकामे चालवून तापमान स्थिर करावे. अंड्याचे टोकदार टोक खाली ठेवावे.
- पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवावे. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवावी.
- अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावीत. १८ व्या दिवशी फिरवणे बंद करावे.
- ७ व्या आणि १४ व्या दिवशी अंधारात टॉर्चने तपासावे. रिकामी व मेलेला गर्भ असलेली अंडी काढून टाकावीत.
- पिल्ले फुटत असताना झाकण उघडू नये. पिवळ्या बलकाच्या आधारावर पिल्लू २४ तास खाण्याविना राहू शकते.

पाणी किती? वजनावरून ठरवावे

उन्हाळ्यातील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांना एकच मोजमाप चालत नाही. दहा अंड्यांचे वजन करून ठेवावे. १८ दिवसांत ते सुमारे १२ टक्के घटले पाहिजे. उदाहरणार्थ ५०० ग्रॅम असल्यास ६ व्या दिवशी ४८०, १२ व्या दिवशी ४६० आणि १८ व्या दिवशी ४४० ग्रॅम. घट जास्त असल्यास पाणी वाढवावे, कमी असल्यास पाण्याचे भांडे लहान करावे.

वीज गेल्यास

झाकण बंदच ठेवावे. सुरुवातीच्या दिवसांत यंत्रावर गोधडी टाकता येते, पण हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत. १५ व्या दिवसानंतर गर्भाला हवा जास्त लागते, तेव्हा यंत्र गुंडाळू नये. यंत्राचे वॅट पाहून इन्व्हर्टर जोडणे उत्तम.

पिल्ले कमी निघाल्यास

- बहुतेक अंडी रिकामी : कोंबडा कमजोर किंवा अंडी शिळी.
- रक्ताचे कडे दिसणे : साठवणीत उष्णता किंवा सुरुवातीला तापमान बिघडले.
- पूर्ण वाढलेली पिल्ले कवचातच मेलेली : आर्द्रतेची चूक किंवा शेवटच्या दिवसांत अतिउष्णता.

प्रत्येक बॅचनंतर यंत्र जंतुनाशकाने धुऊन वाळवावे. तारीख, अंडी, तापमान, वजन आणि निघालेली पिल्ले यांची वहीत नोंद ठेवावी. पिल्लांच्या मरेक्स व लासोटा लसीकरणासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारणा करावी.